निवृत्त बस आणि फिरते घर

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र शासनाने ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात, १३ ऑगस्ट रोजी, जुनी वाहने मोडीत काढण्याच्या राष्ट्रीय धोरणाचा प्रारंभ झाला. पहिल्या निर्णयाला चाकांवरची घरे हवी होती, दुसऱ्याला जुनी वाहने जपायची होती आणि तिसऱ्याला ती भंगारात घालायची होती. हे तिन्ही निर्णय तीन निरनिराळ्या टेबलांवर तयार झाले असावेत. कारण तिघांच्या मध्ये सापडलेल्या एका वस्तूचा विचार त्यांपैकी कोणीच केलेला दिसत नाही. ती वस्तू म्हणजे प्रवासी सेवेतून उतरलेली बसगाडी.

हा विषय चैनीचा आहे, तेव्हा त्याची एवढी चर्चा कशाला, असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जळगाव-धुळ्याकडेही एखादी जुनी बस विकत घ्यावी, तिच्यात खाटा, ओटा आणि न्हाणीघर बसवावे आणि कुटुंबासह भ्रमंतीला निघावे किंवा ती पर्यटकांना भाड्याने द्यावी, असे बेत बोलून दाखवणारी माणसे आता भेटू लागली आहेत. त्यांत निवृत्तीचे पैसे हाती आलेले शिक्षक असतात, तसे नोकरीची वाट पाहून थकलेले पदवीधरही असतात. आयुष्याची पुंजी ज्यात घालायची ती वस्तू निवडताना बुद्धी कोणत्या क्रमाने चालवावी, हा प्रश्न मग चैनीचा राहत नाही.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. जुन्या बसला कौतुकाने ‘व्हिंटेज’ म्हणण्याची पद्धत आहे. कायद्याच्या दृष्टीने ते चूक आहे. २०२१ च्या नियमांनी हा मान पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकींना व मोटारगाड्यांनाच दिला आहे. बस त्या वर्गात बसत नाही. आणि बसली असती तरी तिच्यात स्वयंपाकघर घालताच मूळ रूपाची अट मोडली असती. म्हणजे मोटार म्हातारी झाली की ती अभिजात ठरते, बस म्हातारी झाली की भंगार ठरते. श्रीमंताच्या आठवणींना पाटी मिळाली, सार्वजनिक आठवणींना वजनकाटा मिळाला, असे कोणी म्हटल्यास त्याला उत्तर देणे अवघड आहे.

बसमध्ये राहण्याची कल्पना आपल्याकडे विलायतेहून आली, असे मानण्याचेही कारण नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे खेडोपाडी ही सेवा पोचली आणि तिच्याबरोबर ‘मुक्कामी गाडी’ नावाची संस्था जन्माला आली. चोपडा, रावेर, साक्री, शिरपूर अशा आगारांतून संध्याकाळी सुटलेली गाडी सातपुड्याच्या पायथ्याच्या किंवा सह्याद्रीच्या कुशीतल्या शेवटच्या गावी थांबते आणि पहाटे तेथूनच निघते. मधली रात्र चालक आणि वाहक पुष्कळदा गाडीतल्याच बाकावर पथारी टाकून काढतात. दुसरे उदाहरण तमाशाच्या फडाचे. दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडलेला तंबूचा फड चैत्र-वैशाखातल्या जत्रा संपेपर्यंत गावोगाव फिरतो. कनात, रंगमंचाचे सामान आणि जनित्र ट्रकांत असते, कलावंतांचा संसार जुन्या बसगाड्यांत असतो. खानदेशातल्या जत्रांना हे दृश्य नवे नाही. तात्पर्य, फिरते घर ही येथे हौस नव्हती, ती गरज होती आणि अजूनही आहे. या लेखात पुढे मांडलेला हिशेब या दोन्ही प्रकारच्या ग्राहकांना, हौशी आणि गरजू, सारखाच लागू आहे. फक्त गरजूला चुकण्याची मुभा कमी असते.

आता निवडीकडे वळू. बाजारात साधारणपणे तीन प्रकारच्या वापरलेल्या बसगाड्या मिळतात. एक एस.टी.ची, दुसरी खासगी प्रवासी कंपनीची शयनगाडी आणि तिसरी शाळेची किंवा कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणारी गाडी. ग्राहक बहुधा इंजिनाचा आवाज ऐकतो, रंग पाहतो, आसनांवरून हात फिरवतो आणि किमतीवर घासाघीस करतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि या विचारासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात हळूहळू वाईट गाड्याच उरतात. बाजार नासतो तो लबाडीमुळेच असे नाही, माहितीच्या असमानतेनेही नासतो. जुन्या बसच्या बाबतीत ही असमानता मोटारीहून कितीतरी अधिक असते. कारण बसचा सांगाडा पत्र्याआड, जमिनीच्या पट्ट्यांखाली आणि रंगाच्या थरांखाली दडलेला असतो.

या कसोटीवर एस.टी.ची गाडी वस्तुतः सर्वांत श्रेष्ठ ठरायला हवी. तिच्या जन्मापासूनची नोंद आगारात असते. किती किलोमीटर धावली, इंजिन कधी उतरवले, अपघात झाला का, टायर केव्हा बदलले, हे सर्व लिहिले जाते. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील महामंडळाच्या कार्यशाळांत बांधल्या गेलेल्या जुन्या पद्धतीच्या गाड्यांचे अंग ॲल्युमिनियमचे, रिव्हेट ठोकून जोडलेले. ते गंजत नाही. खिळखिळे मात्र होते, आणि खडबडीत रस्त्यांवर लाखो किलोमीटर गेलेल्या गाडीचे सांधे वाजू लागतात. अलीकडच्या गाड्यांचे अंग पोलादी आहे, ते सांध्यांत भक्कम परंतु पायऱ्यांपाशी आणि चाकांच्या कमानींत गंज धरणारे. दोन्ही दोष माहितीचे आहेत, म्हणून दोन्हींची किंमत करता येते.

परंतु येथेच कायदा आडवा येतो. केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून शासनाच्या, महापालिकांच्या आणि राज्य परिवहन उपक्रमांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षे पूर्ण होताच संपते. तिचे नूतनीकरण होत नाही आणि ते वाहन नोंदणीकृत मोडतोड केंद्रातच जाते. नव्या गाड्यांची खरेदी मधली काही वर्षे रेंगाळल्यामुळे महामंडळाला जुन्या गाड्या ताणून वापराव्या लागल्या. गाडी जितकी ताणली जाते तितकी ती पंधरा वर्षांच्या रेषेजवळ सरकते आणि तिचे फिरते घर होण्याची शक्यता मावळते. ज्या गाडीचा इतिहास सर्वांत स्वच्छपणे लिहिलेला आहे, तीच गाडी ग्राहकाच्या हाती येण्याचा संभव असा सर्वांत कमी. पंधरा वर्षांच्या आतली एस.टी. कोणी देऊ केली, तर प्रथम तिच्या नोंदणीचा दिनांक पाहावा. स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि वर्षभरात पुस्तक निकामी झाले की उरते ती कोंबड्यांची खुराडी. खासगी मालकाकडे गेल्यानंतर तिचे वय कोणत्या नियमाने मोजले जाईल, हे परिवहन कार्यालयाकडून लेखी घ्यावे, तोंडी नव्हे.

खासगी शयनगाडीचे आकर्षण उघड आहे. खाटा आधीच असतात, वातानुकूलन असते, पडदेही असतात. तरीही या लेखकाच्या मते तिन्हींत हीच सर्वांत धोक्याची. जळगाव-पुणे किंवा धुळे-मुंबई अशा रात्रीच्या फेऱ्यांत ती विश्रांतीवाचून धावलेली असते. तिच्या आत एकामागून एक मालकांनी फेरफार केलेले असतात. विजेच्या तारा कोठून कोठे नेल्या आहेत, हे शेवटच्या मालकालाही सांगता येत नाही. आणि आगीचा प्रश्न आहे. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईला जाणारी खासगी बस पेटली, बारा माणसे गेली. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, पंचवीस गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये जैसलमेरजवळच्या बसच्या आगीत वीसहून अधिक बळी पडले. प्रत्येक दुर्घटनेचे कारण निराळे, परंतु अरुंद वाट, चटकन पेट घेणारे अस्तर आणि अपुरे आपत्कालीन दरवाजे यांची चर्चा प्रत्येक वेळी झाली. अशा गाडीत आपण आणखी गॅसचा सिलिंडर, बॅटऱ्यांचा संच आणि प्लायवूडची कपाटे घालणार. जळगावच्या चटईपासून गादीपर्यंत आत बसवलेली प्रत्येक वस्तू जळणारी असते, हे विसरून चालत नाही. शयनगाडी घ्यायचीच असेल, तर आतले सर्व उपटून, तारा नव्याने ओढून आणि मागचा दरवाजा उघडून दाखवणाऱ्या माणसाकडूनच घ्यावी. आणि तो खर्च धरला की तिची स्वस्ताई बहुधा उरत नाही.

राहिली शाळेची किंवा कारखान्याची गाडी. तिला कोणी हिंग लावून विचारत नाही. ती दिसायला ठेंगणी, रंग पिवळा, आसने मुलांच्या मापाची. परंतु ती रोज थोडी धावते, बहुतेक एकाच चालकाच्या हाती असते, वेगाला लगाम असतो आणि सुट्टीत ती उभी असते. थांबत थांबत चालल्यामुळे तिचा क्लच आणि ब्रेक लवकर झिजतात, हे खरे. पण ते सुटे भाग आहेत, बदलता येतात. सांगाडा बदलता येत नाही. आत उभे राहिल्यावर डोके छताला टेकते की नाही, एवढे स्वतः उभे राहून पाहावे, कारण उंची मागाहून वाढवणे म्हणजे नवी गाडी बांधण्यासारखेच आहे. आठ-दहा वर्षांची, एकाच संस्थेच्या मालकीत राहिलेली अशी गाडी मिळाली, तर माझा कौल तिला. तिच्यात जुन्या लाल गाडीची ऐट नाही. पण ऐटीवर घसारा लागत नाही असा समज असेल तर तो सोडावा.

गाडी कोणतीही असो, तिच्या रूपांतराचा कागद हा तिच्या इंजिनाहून महत्त्वाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने, नोंदणीपुस्तकात असलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई केली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत हात घालता येणार नाही, असा निर्वाळा दिला. फिरत्या घरांच्या बांधणीसाठी स्वतंत्र वाहनमानक आहे आणि खासगी वापराच्या फिरत्या घराचा समावेश बिगर-व्यापारी वाहनांत होतो. तेच घर भाड्याने दिले की ते व्यापारी ठरते. मग कर वेगळा, विमा वेगळा, आणि आठ वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी योग्यता तपासणी. तेव्हा धुळ्याच्या किंवा जळगावच्या परिवहन कार्यालयात जाऊन ‘या गाडीचे हे रूपांतर तुम्ही नोंदवाल काय?’ हा प्रश्न बयाणा देण्यापूर्वी विचारावा. महामार्गाकाठच्या गॅरेजवाल्याचे ‘साहेब, सगळे होऊन जाते’ हे आश्वासन म्हणजे परवानगी नव्हे. विनापरवाना बदललेल्या गाडीला अपघात झाल्यास विमा कंपनी कोणत्या बाजूला उभी राहील, हे सांगायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब. केवळ उदाहरणासाठी असे धरू की गाडी आणि रूपांतर मिळून दहा लाख रुपये लागले. ही रक्कम बँकेत सात टक्क्यांनी ठेवली असती तर वर्षाला सत्तर हजार मिळाले असते. हा न दिसणारा खर्च घरगुती हिशेबात कोणीच मांडत नाही. गाडी दहा वर्षे टिकली आणि शेवटी एक लाखाला गेली, तर घसारा वर्षाला नव्वद हजार. कर, विमा, तपासणी, दुरुस्ती आणि उभी करण्याची जागा यांचे साठ हजार धरू. एकूण दोन लाख वीस हजार, आणि हे सर्व गाडी जागची न हलता. वर्षातून वीस दिवस वापरली तर दिवसाला अकरा हजार रुपये. एकशे वीस दिवस वापरली तर अठराशे तेहेतीस. डिझेल निराळे. लिटरला पाच किलोमीटर आणि लिटरचा भाव नव्वद रुपये धरला, तर किलोमीटरला अठरा रुपये. म्हणजे जळगावहून अजिंठ्याला जाऊन-येऊन सुमारे एकशे वीस किलोमीटरला दोन हजार एकशे साठ. वीस दिवसांच्या हौशीसाठी गाडी घेणारा माणूस दर रात्री उत्तम हॉटेलात राहू शकला असता. पाच कुटुंबांनी मिळून गाडी घेतली तर हेच गणित पालटते; पण मग दिवाळीच्या सुट्टीत ती कोणाकडे राहायची, हा प्रश्न उभा राहतो आणि तो अर्थशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

या एकशे वीस दिवसांना खानदेशात निसर्गाचीही मर्यादा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. अशा उन्हात उभी असलेली पत्र्याची गाडी म्हणजे भट्टी. वातानुकूलन चालवायचे तर जनित्र हवे, जनित्राला डिझेल हवे, आणि त्याच्या घरघरीत तोरणमाळची किंवा पाटणादेवीची शांतता शोधायची. छताखाली जाड उष्णतारोधक थर आणि दुहेरी छत यांवर खर्च करावा, सागवानी कपाटांवर नव्हे. खरा हंगाम कार्तिकापासून माघापर्यंतचा. सारंगखेड्याची यात्रा याच दिवसांत येते, हा योग चांगला.

परदेशांत हा व्यवसाय फोफावला, त्याची कारणे आपल्याकडे पूर्णतः लागू होत नाहीत. लंडनची प्रसिद्ध दुमजली ‘रूटमास्टर’ २००५ च्या डिसेंबरात नेहमीच्या सेवेतून गेली आणि तिच्या अनेक गाड्या हौशी लोकांनी घेतल्या. अमेरिकेत शाळांच्या पिवळ्या गाड्या घेऊन घरे बांधणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. तेथे गाडी उभी करून पाणी, वीज आणि मैला-निचरा मिळणारे तळ जागोजागी आहेत. आपल्याकडे बसचे घर बांधता येईल, पण त्याचे अंगण कोठे आहे? न्हाणीघरातले सांडपाणी सोडायचे कोठे, याचे उत्तर नसलेली गाडी सातपुड्याच्या ओढ्याकाठी नेणे हा पर्यटनाचा विकास नव्हे.

म्हणूनच जुनी बस हलवण्यापेक्षा उभी ठेवण्यात अधिक शहाणपण असू शकते. केरळच्या परिवहन महामंडळाने २०२० च्या नोव्हेंबरात मुन्नार येथे जुन्या गाड्यांत प्रवाशांच्या झोपण्याची सोय केली, एका खाटेला रात्रीचे शंभर रुपये. पुण्यात जुन्या बसगाड्यांतून स्त्रियांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहे उभी राहिली. आपल्या एस.टी.नेही २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी गाड्यांची आसने काढून त्या मालवाहू केल्या आणि ते काम स्वतःच्याच कार्यशाळांत केले. कारागीर आहेत, साधने आहेत, अनुभव आहे. नोंदणी संपलेल्या गाडीचे इंजिन आणि साटा मोडतोड केंद्राकडे पाठवून वरचे अंग आगाराच्या आवारात मुक्कामी चालक-वाहकांसाठी खोली म्हणून बसवण्याची मुभा नियमात हवी. आज पंधरा वर्षांचा नियम संपूर्ण वाहनाचा विचार करतो, त्यातल्या उपयोगी अवयवांचा नाही.

फडाचा प्रश्न मात्र उभ्या गाडीने सुटणारा नाही. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांत जत्रा बंद पडल्याने तमाशा कलावंतांचे जे झाले, ते सर्वांनी पाहिले आहे. ज्या बसमध्ये वीस-पंचवीस माणसे सहा महिने राहतात, ती जुनी घेण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते, आणि जुन्या व्यापारी वाहनांची तपासणी व नूतनीकरण यांचे शुल्क केंद्राने अलीकडच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने चढवत नेले आहे. मोडीत दिलेल्या गाडीच्या प्रमाणपत्रावर नव्या वाहनाच्या करात व्यापारी वाहनांना पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे; पण ती नवे वाहन घेऊ शकणाऱ्याला. कॅराव्हॅन धोरणातून पर्यटकाच्या फिरत्या घराला उत्तेजन मिळते. रात्रीचा खेळ आटोपून पहाटे पुढच्या गावाला निघणाऱ्या स्त्री-कलावंताला स्वच्छ न्हाणीघर असलेल्या गाडीची गरज पर्यटकाहून कमी आहे काय? नोंदणीकृत लोककला पथकांच्या निवासी गाड्यांना त्या धोरणाच्या व्याख्येत घेणे आणि जत्रेच्या गावांत, निदान मोठ्या यात्रांच्या ठिकाणी, पाणी व निचऱ्याची सोय असलेला एक तळ बांधणे, याला फार मोठा निधी लागत नाही. पर्यटकालाही तोच तळ उरलेल्या दिवसांत वापरता येईल, आणि त्याचा खर्च निघण्याची शक्यता त्यामुळेच वाढेल.

तोवर महामंडळाला एक गोष्ट आजही करता येण्यासारखी आहे. पंधरा वर्षांच्या आतली जी गाडी सेवेतून काढली जाईल, तिच्या लिलावाच्या कागदांना आगारातील नोंदींची प्रत जोडावी. किलोमीटर, इंजिन, अपघात, सांगाड्याची शेवटची दुरुस्ती, एवढे चार रकाने पुरेत. हे एका कारकुनाचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. माहिती असलेला ग्राहक अधिक किंमत देतो, ही गोष्ट अकर्लॉफ यांचा निबंध न वाचलेल्या वरणगावच्या बैलबाजारातल्या दलालालाही ठाऊक आहे. तो बैलाचे दात आधी दाखवतो, भाव मागाहून सांगतो.